निरोगी पेशींची ओळ

पिवळंच आहे की उजेडामुळे तसं दिसतंय... तिने तळहाताएवढी ती प्लास्टिकची प्लेट खिडकीपाशी नेली, जरा तिरकी केली, पुन्हा सरळ धरली. शहाण्णव बारीक खळगे, प्रत्येकात चार-पाच थेंब. पेशी जिवंत असल्या की रंग जांभळा होतो, मेलेल्या असल्या की पिवळा तो पिवळाच राहतो. वरच्या ओळी कॅन्सरच्या पेशींच्या, पानांचा अर्क घातलेल्या. त्या पिवळ्या राहणार हे ठाऊकच होतं, सहा वर्षं त्या तशाच राहत आल्या होत्या, त्यांच्यावर तिचे दोन शोधनिबंध छापून आले होते. खालच्या ओळी निरोगी यकृतपेशींच्या, पहिल्यांदाच लावलेल्या, त्याही कुणी न सांगता, गेल्या मंगळवारनंतर. त्याही पिवळ्या. अर्क न घातलेले कडेचे खळगे मात्र छान जांभळे होते. म्हणजे प्रयोग फसला म्हणायचीही सोय नव्हती.

तिने प्लेट खाली ठेवली आणि स्टुलावर बसली. उभं राहवेना. गेले चार महिने झोपेतून उठतानाही ती दमलेलीच असे — अंगातून काहीतरी गळतंय आणि कुठून ते सापडत नाही, असं.

लॅबमधली भांडी धुणारे काका मागे एकदा म्हणाले होते, "मॅडम, पेशी काय, फिनेलनंही मरतात. त्याचा कुणी पेपर छापत नाही." सगळे हसले होते. तीही.

गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी ताईचा रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला. यकृताचे आकडे तिप्पट. केमोचा चौथा डोस आठवडाभर पुढे. "दुसरं काही चालू आहे का? काढा, पावडर, कुणी दिलेलं काही?" ताई म्हणाली, "नाही हो." आणि मग ताईने हिच्याकडे पाहिलं, लहानपणी बरणीतला गूळ दोघींनी मिळून संपवल्यावर आईसमोर पाहायची तसं. डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखाली एक जुनं कॅलेंडर होतं, त्याचा महिना ती वाचत राहिली. उद्या पुन्हा मंगळवार. आकडे उतरले नसतील तर उद्याचाही डोस नाही, आणि गाठ काही आठवडे मोजत थांबणार नाही.

...मी काही खोटं बोलले नव्हते. जेवताना कुणीच बोलत नव्हतं, ताईचं निदान होऊन नऊ दिवस झाले होते, भात निवत होता, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, आपल्या कुंपणाशी ते झुडूप आहे ना, त्याच्या पानांच्या अर्काने आमच्याकडे दोन दिवसांत कॅन्सरच्या सगळ्या पेशी मेल्या. ताईने मान वर केली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. त्या नजरेपुढे पुढचं वाक्य — प्लेटमधल्या पेशी, ताई, माणसातल्या नाहीत — घशाशी आलं, आणि मी वरण वाढून घेतलं.

रंग मोजणाऱ्या यंत्राने आकडे छापून दिले. डोळ्यांना दिसलं तेच. तिने वहीत तारीख घातली, आकडे उतरवले, खाली सही केली. लॅबप्रमुख सरांच्या खोलीत दिवा होता. उद्या दाखवू. नाही, उद्या दवाखाना...

बस थांब्यावरून घरापर्यंत चढ आहे. कुंपणाशी ती थांबली. झुडपाच्या एका बाजूची पानं पार खुडलेली, दुसरी बाजू भरगच्च. ताईचा हात पोचेल तेवढंच.

ताई ओट्याशी काढा गाळत होती. डोक्याला रुमाल, गळ्यात शिवणकामाची टेप, सवयीने.

"आलीस? तोंड का उतरलंय? साहेब ओरडले?"

"ताई, ते घेऊ नकोस."

"का गं? कडू मला लागतं, तोंड तू वाकडं करतेस."

"निरोगी पेशीही मरतात त्याने. यकृताच्या. आज दिसलं."

"आज?" ताईने गाळणं खाली ठेवलं. "मग सहा वर्षं काय बघत होतात?"

"कॅन्सरच्याच पेशी."

ताई हसली, हसता हसता खोकला आला, ओट्याला धरून उभी राहिली. "म्हणजे एकाच बाजूचं माप घेऊन कापड कापलंत. माझ्याकडे शिवण शिकणारी पोर असतीस तर कात्री काढून घेतली असती हातातून."

तिला हसू आलं नाही.

"आणि हे बघ," ताई म्हणाली, आवाज खाली आला होता, "त्या पाल्यावर माझा विश्वास कधी नव्हताच. तू जेवताना बोललीस ना, किती दिवसांनी तुझ्या तोंडावर जरा रंग आला होता. मला वाटलं, घेतलं तर हिला बरं वाटेल."

मागे पाण्याचा नळ ठिबकत होता.

"उद्या डॉक्टरांना तू सांग. माझं खोटं बोलून झालंय." ताई खोलीत गेली. थोड्या वेळाने शिवणाचं मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

कप ओट्यावरच होता, वाफ येत होती. लॅबमधलं काहीही तोंडात घालायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा पहिला नियम. सहा वर्षांत तिने त्या पानाचा वजनाने, रंगाने, आकड्यांनी हिशेब ठेवला होता, चव ठाऊक नव्हती. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं.

कडू. तिला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट. चार महिने, दिवसातून दोनदा...

कप मोरीत ओतायला तिने उचलला, पण ओतला नाही, तसाच धरून उभी राहिली. डॉक्टरांपुढे म्हणायचं वाक्य ती मनात जुळवून पाहू लागली — ताई काढा घेत होती, मला माहीत होतं — मग 'मला माहीत होतं' ऐवजी 'मी सांगितलं होतं' असं ठेवून पाहिलं. ते बसलं. थकवा होता तिथेच होता, फक्त अंगातून काय आणि कुठून गळत होतं ते आता तिला दिसत होतं. जिभेवरचा कडूपणा घशाकडे सरकत होता. तिने पाणी घेतलं नाही.