तळघरावरचा गळ

मी एक गळ आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी फसल्याची तक्रार करायला नको. फसवणं हाच माझा धंदा, पण तो माशांपुरता. तुम्हाला मी खरं तेच सांगणार आहे, आणि ते सांगून मला हलकं व्हायचं आहे.

इतर गळ बुडतात, मी तरंगतो. माझं डोकं बुचाचं आहे, हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं. पुढे शिशाचा गोळा तळाला बसतो, त्याच्या मागे हातभर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, आणि त्या तंगुसाच्या शेवटी मी, गाळापासून वीतभर वर. माझ्या आकड्याला एक जळू किंवा गांडूळ वळवळत असतं. खाली जाता येत नाही, वर जाता येत नाही. माझं सगळं आयुष्य असं मधल्यामध्ये लटकण्यात गेलं.

माझा जन्म ब्रेकींच्या स्वयंपाकघरातला. हॉल्वर आणि आर्डिस ब्रेकी यांच्या घरात वाइनची बाटली एकदाच उघडली गेली, त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा. दोघांनी अर्धा अर्धा पेला घेतला, तोंडं वाकडी केली आणि उरलेली वाइन सिंकमध्ये ओतली. बूच मात्र हॉल्वरने खिशात घातलं. त्यातून आम्ही सहा भाऊ निघालो. हॉल्वरने कोरलं, आकडा बसवला, डिंक लावला. रंगवायचं काम आर्डिसचं. नखं रंगवायच्या नारिंगी रंगाने तिने मला रंगवलं आणि हिरवे डोळे काढले. तिने स्वतःच्या नखांना जन्मात कधी रंग लावला नव्हता, पण दर वसंतात ती दुकानातून दोन बाटल्या आणायची.

"दुकानातली पोरगी म्हणते, आजी, या वयात भारीच हौस तुम्हाला," ती एकदा म्हणाली.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, नवऱ्याचं लक्ष वेधायचंय. माशांसाठी नेते म्हटलं असतं तर वेडी समजली असती."

हॉल्वर हसला नाही. तो सहसा हसायचाच नाही. खूश झाला की 'बरं आहे' म्हणायचा आणि फार खूश झाला की 'काही वाईट नाही' म्हणायचा.

आमचं तळं नैसर्गिक नाही. हॉल्वर पाच वर्षांचा असताना नदीवर धरण बांधलं आणि खोऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली. लोकांनी आपापली लाकडी घरं ओंडक्यांवर चढवून टेकडीवर ओढून नेली. ब्रेकींचं घर विटांचं होतं, सगळ्या खोऱ्यात तेवढं एकच. ते हलवता येईना. भिंती पाडल्या. तळघर मातीने भरून टाका असा सरकारी हुकूम होता, आणि हॉल्वरचा बाप भरलं म्हणून सांगून मोकळा झाला. त्याने ते भरलंच नव्हतं. आपल्या हातांनी आपलं घर पुरायला त्याचं मन झालं नाही.

हे फक्त हॉल्वरला ठाऊक होतं. चर्चचं टोक धान्याच्या कोठारामागे लपलं आणि दोन उंच झाडं एका रेषेत आली, की तो बरोबर त्या तळघरावर असायचा. पडलेल्या विटांच्या ढिगावर वॉलाय मासे उभे राहत, आणि तळघराच्या काळोखात मोठाले मिशाळ कॅटफिश. त्याने ही जागा कुठल्या यंत्रात साठवली नाही, कागदावर लिहिली नाही. आमच्या तळ्यावर माणूस तुम्हाला ट्रक देईल, रक्त देईल, पण मासे लागायची जागा विचारलीत तर गारगोटीसारखा गप्प बसेल. हॉल्वर तर एक पाऊल पुढे होता. तो खोटं सांगायचा. कुणीही विचारलं की "वेळूच्या खाडीत होतो" म्हणायचा. ती खाडी तळ्याच्या पार उत्तर टोकाला आहे. आर्डिसलाही तेच सांगायचा, कारण रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी तिच्या तोंडून काही निसटलं तर दुपारपर्यंत दहा होड्या हजर व्हायच्या.

मला तिथे सोडलं की मला भीती वाटायची. खोटं कशाला बोलू? शिशाचा गोळा विटांवर खटकन बसायचा, आणि मी त्या काळ्या चौकोनाच्या तोंडावर तरंगत राहायचो. खालून गार पाणी वर यायचं. कधी काळी त्या खोलीत बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवत असतील. आता तिथे काहीतरी मोठं अंग हलवायचं आणि गाळ उठायचा.

वॉलाय घेतो तेव्हा एकच हलकी टिचकी बसते, दारावर कुणी संकोचाने बोट वाजवावं तशी. कॅटफिश तसं नाही. तो आधी मिशांनी चाचपतो, मग तोंडात घेतो आणि सरळ खाली घराकडे निघतो. दोन्ही ओढी मी झोपेतही ओळखीन. तंगूस माझा कान आहे. वर हॉल्वरचं बोट हललं तरी मला कळायचं.

आता त्याची एक चूक सांगतो. होडी पुढच्या टोकाने नांगराला बांधली तर ती वाऱ्यावर झुलते आणि आम्ही गळ तळघरावरून सरकतो. म्हणून हॉल्वर नांगर मागच्या बाजूला बांधायचा, मोटरजवळ, जिथे तो स्वतः बसायचा. होडी खिळल्यासारखी उभी राहायची. त्याचा जुना दोस्त लायल एकदा धक्क्यावर म्हणाला होता, "अरे हॉल्वर, गायसुद्धा कुणी शेपटीला बांधत नाही, आणि तू होडी बांधतोस! मागून लाट आली तर?"

"नाही येत."

"आणि ते तरंगायचं जाकीट घालायचं असतं, त्यावर बसायचं नसतं."

"बाक थंड असतो," हॉल्वर म्हणाला.

लायल वीस वर्षं त्या जागेच्या मागे होता. हॉल्वरच्या बादलीतले मासे बघून त्याला झोप लागत नसे. पण माणूस चांगला होता.

आर्डिसला मात्र सगळं ठाऊक होतं, आणि तिला ते माझ्यामुळे कळलं. दर वसंतात रंगवायला घेतलं की ती मला नखाने खरवडायची. एके वर्षी माझ्या गालावर लाल भुगा निघाला. तिने तो बोटांत चोळला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. वेळूच्या खाडीत नुसता चिखल आहे. वीट सगळ्या तळ्यात एकाच जागी आहे. त्या जुन्या घराच्या जागेच्या खुणा सासऱ्याने तिला कधीच दाखवल्या होत्या. ती बाहेर अंगणात लाकडं फोडणाऱ्या नवऱ्याकडे बघून स्वतःशी हसली आणि वरून नारिंगी रंग चढवला. तिला वाटलं, घ्यावं म्हाताऱ्याने एवढं सुख.

ऑक्टोबर उजाडला. त्या दिवशी सकाळपासून वारा होता, आणि पाणी थोडं खवळलं की वॉलाय खायला निघतात, म्हणून हॉल्वर हटूनच गेला. "बारापर्यंत येतो, जेवायला," त्याने सांगितलं.

"कुठे जातोयस?"

"वेळूच्या खाडीत."

"बरं," आर्डिस म्हणाली.

मासे लागत होते, हीच तर पंचाईत. एक वॉलाय आला, मग दुसरा. प्रत्येक वेळी मी वर जायचो तेव्हा लाट आधीपेक्षा उंच दिसायची. तिसऱ्यांदा वर गेलो तेव्हा होडीत मागच्या बाजूला घोटाभर पाणी होतं. मला ओरडावंसं वाटलं. त्याने मला नवी जळू लावली आणि पुन्हा खाली सोडलं.

या खेपेला कॅटफिश आला. त्याने मला चाचपलं, घेतलं आणि तळघरात शिरला. आयुष्यात माझ्या वाट्याला आलेला सगळ्यांत मोठा मासा. तंगूस विटेला घासू लागला. गळाच्या काठीने जमेना तेव्हा हॉल्वर उठला, होडीच्या मागच्या काठावर वाकला, आणि तंगूस हाताला गुंडाळून ओढू लागला. मोटर, नांगर, पाणी आणि तो, सगळं वजन एका बाजूला. लाट मागूनच आली.

माशाने मला झटकून दिलं. शिशाचा गोळा विटांच्या फटीत अडकला. तंगुसाचं दुसरं टोक अजून हॉल्वरच्या हाताला होतं. होडीचं नाक तेवढं पाण्यावर उरलं होतं, आणि तो त्याला धरून होता.

काठावर काय झालं ते मला नंतर, खिडकीत टांगल्यावर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. बारा वाजून गेले तेव्हा लायल दाराशी आला. त्याच्याबरोबर शेरीफचा माणूस होता, म्हणजे आमच्याकडचा पोलीस.

"आर्डिस, वारा फार झालाय. हॉल्वर आला का गं?"

"नाही अजून."

"गेलाय कुठे?"

आर्डिसच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण समोर लायल उभा होता. एवढी वर्षं जपलेली जागा, ती नेमकी लायलला सांगायची? आणि दोन मिनिटांनी हॉल्वर बादली घेऊन आत आला तर? तो तिला कधी माफ करणार नव्हता.

"वेळूच्या खाडीत म्हणाला," ती म्हणाली.

त्यांची होडी उत्तरेला निघाली. ती आमच्याजवळून गेली. पाण्याखाली मोटरचा आवाज लांबून येतो आणि लांबपर्यंत ऐकू येतो. मी ऐकला. हॉल्वरनेही ऐकला असणार, कारण तंगुसाला जोरात हिसका बसला. मग आणखी एक. तो हात हलवत होता. लाटांत होडीचं एवढंसं नाक कुणाला दिसतं! आवाज लहान होत होत गेला.

त्यानंतरही कितीतरी वेळ ओढ येत राहिली. ती वॉलायची नव्हती, कॅटफिशची नव्हती. गार पाण्यात बोटं वळेनाशी झालेल्या माणसाची होती. मी जिवाच्या आकांताने वर ओढत होतो. बुचाचा जीव तो केवढा, तरी ओढत होतो. मग ओढ मंद झाली. मग थांबली. थोड्या वेळाने तोच हळूहळू खाली माझ्याजवळ आला, आपल्या बापाच्या घरी.

आर्डिसने दोन कप कॉफी ओतली आणि दोन्ही तशीच गार झाली. मग तिने कोट न घालता धक्क्यापर्यंत धाव घेतली आणि परतलेल्या लायलला ओरडून सांगितलं, "चर्चचं टोक कोठारामागे! दोन झाडं एका रेषेत! विटांवर बघा रे, विटांवर!"

हॉल्वरच्या हाताला गुंडाळलेल्या तंगुसासकट त्यांनी मला वर काढलं. शेरीफच्या माणसाने घड्याळ, टोपी आणि मी असे तिघे एका पाकिटात घालून आर्डिसला दिले.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, पडद्याच्या दोरीला असतो. रंग उडालाय, एक डोळा गेलाय, गालावर वीट अजून लाल आहे. यंदाच्या वसंतात तिने बाटल्या आणल्या नाहीत. लायल शुक्रवारी कॉफीला येतो. त्याने नांगर पुढे बांधायला लावून तळ्यावरच्या सगळ्यांना छळलंय. ती जागा आता त्याला माहीत आहे, पण तो तिकडे फिरकत नाही.

दर शुक्रवारी आर्डिस मला हातात घेते, नखाने गाल खरवडते आणि तेच विचारते.

"मी आधी सांगितलं असतं तर, लायल?"

"काही फरक पडला नसता गं. शेरीफचा माणूस म्हणाला ना, पाणी एवढं गार, पडल्या पडल्याच गेला. एका झटक्यात."

"एका झटक्यात ना?"

"एका झटक्यात."

मग तिचा हात सैल पडतो आणि ती त्याला आणखी कॉफी ओतते.

लायलला खरं माहीत नाही. शेरीफच्या माणसालाही नाही. ते फक्त मला माहीत होतं, आणि आता तुम्हाला. तुम्ही कुठेही जा, खोऱ्यात जा, पाण्यावर जा, पण घरात एका माणसाला खरी जागा सांगून जा, एवढं माझं ऐका. आणि कधी या बाजूला आलात, आर्डिसने तुम्हाला आत बोलावून कॉफी दिली, आणि माझ्याकडे बोट दाखवून हा हॉल्वरचा गळ म्हणाली, तर हात जोडून सांगतो, मी काय बोललो ते तिला कळू देऊ नका.