पेवाचा गारवा

नीलमला झोप लागत नव्हती, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

सात महिन्यांची पोर, डोक्यावर पत्रे, बाहेर वैशाखाचं ऊन. अंगभर घामोळ्या. झोळीत घातली की किंचाळायची, मांडीवर घेतली की मायलेकी दोघी घामानं निथळायच्या. मानवतच्या डॉक्टरनं सांगितलं, लेकराला गारव्यात ठेवा, झोप होऊ द्या. सांगायला काय जातंय त्याचं! पोरीच्या मायनं, बबितानं, पत्र्यांवर चुना मारला, वर तुराट्या अंथरल्या, कूलरला टँकरचं पाणी पाजलं. तो मेला पाणी पिऊन दमट वाफ फेकायचा आणि मीटर गरागरा पळवायचा. बबिताचं एकच मागणं होतं, पोर तासभर तरी शांत निजावी.

तिचा नवरा भागवत मानवतला विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. डोकं चालायचं गड्याचं. त्यांच्या माजघराच्या फरशीखाली जुनं पेव होतं, पूर्वी ज्वारी साठवायचे तो दोन पुरुष खोल खड्डा. वर दगडी झाकण. घरात पत्र्याच्या कोठ्या आल्यापासून त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. भागवतला वाटलं, जमिनीखालचा गारवा फुकट पडलाय, तो वर ओढला की कूलरची कटकटच मिटली.

"आदी कंदील सोडून बघ रे," त्याची माय केवळाबाई म्हणाली. "पेवात पयले दिवा उतरतो, मंग माणूस."

"उतरायचं कोणाला हाय, माय? झाकणाला भोक पाडतो, पाइप टाकतो, वर पंखा बसवतो. झालं!"

म्हातारीला पटलं. बबितालाही पटलं. आता कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

थंडी वाया जाऊ नये म्हणून त्यानं खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाट लावलं. आत आलं की दार लगेच लोटायचं, अशी सगळ्यांना ताकीद दिली.

गारवा आला. पण डोक्याला नाही, पायाला. आधी घोट्यांना लागला, मग पोटऱ्यांना. त्याला कुजलेल्या ज्वारीचा आंबूस वास होता. नीलम झोळीत निजली. पहिल्या दुपारी दोन तास, दुसऱ्या दुपारी चार. बबिताला आनंदानं रडूच फुटलं.

मांजर मात्र उंबऱ्यावरूनच शेपटी फुगवून माघारी फिरायचं. देवापुढं पाटावर समई लावली की विझायची. "वारं हाय पंख्याचं," केवळाबाई म्हणायची. वारं असतं तर ज्योत हलली असती. ही हलत नव्हती, नुसती बारीक बारीक होत जायची आणि संपायची. बबिताला ते बघून कसंतरीच व्हायचं. पण पोर झोपली होती ना! दुपारी सगळ्यांचीच डोकी ठणकायची, ते त्यांनी उन्हावर ढकललं.

पाचव्या दिवशी भर दुपारी टँकर आला. भागवत मानवतला गेलेला. बबिता दोन घागरी भरून परत आली, आत शिरली आणि सवयीनं दार लोटलं. झोळी रिकामी होती. केवळाबाई खाली फरशीवर आडवी, कुशीत नीलम. खाली जास्त गार लागतं म्हणून आजीनं नुकतीच उतरवून घेतली असावी. दोघी गाढ झोपल्या होत्या. गाल लालबुंद. बबिताला बरंच वाटलं. झोपू दे बिचाऱ्यांना.

समई विझलेली दिसली. तिनं उभ्यानं काडी ओढली आणि खाली वाकली. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी तिनं सावकाश खाली नेली. कमरेशी जळत होती. मांडीशी जळत होती. गुडघ्याशी आली आणि कुणी चिमटीत धरावी तशी गेली. तिचा धूर वर चढला नाही. दुधावर साय धरावी तसा गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा पसरला.

माणूस पेवात उतरलाच नव्हता. पेवच वर आलं होतं, आणि त्या धुराच्या खाली तिची लेक होती.

"अगं माय!" बबितानं श्वास धरला, पोरीला उचललं आणि दारच लाथाडलं. बाहेर उन्हात नीलमची मान ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. बबितानं तिची पाठ चोळली, तळपायांवर चापट्या मारल्या. "रड गं बाई, रड! तुझ्या पाया पडते, रड!" आरडाओरडा ऐकून शेजारची नर्मदाबाई धावली आणि बबितानं ओरडून सांगितलं तसा श्वास रोखून केवळाबाईला पाय धरून ओढत बाहेर घेऊन आली. तेवढ्यात पोरीनं उचकी दिली, आणि मग जी रडली, जी रडली, की आख्खी आळी गोळा झाली.

केवळाबाई लिंबाखाली ओकली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि सुनेकडं रागानं बघितलं.

"काहून उठवलंस? किती दिसांनी झोप लागली व्हती. तुजी पोर बी झोपीत हसायलती."

बबिताच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं पोरीला घट्ट धरलं.

दुसऱ्याच दिवशी भागवतनं ट्रॉलीभर मुरूम ओतून पेव बुजवलं. दारंखिडक्या सताड उघड्या झाल्या, घर पुन्हा भट्टीसारखं तापलं.

नीलम आता ऊन कललं की निजते. बबिता उशाशी बसून तिचं पोट वरखाली होताना बघत राहते. एवढं चालतं. पण पोर झोपेत हसली की बबिताला धीर धरवत नाही. ती तळपायाला चिमटा घेते, आणि लेकरू किंचाळून रडेपर्यंत सोडत नाही.