आकोफाचा रुमाल आणि दहाचा आकडा

आकोफा ढोलात पडली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि होहोए गावात ते विसरायला अजून कोणी तयार नव्हतं. पडली म्हणजे अगदी रीतसर पडली. बोरबोरबोर नाच रंगात आला होता, बिगुल वाजत होता, बायका वाकून दोन्ही हातांतले पांढरे रुमाल उडवत गोल फिरत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे असलेल्या आकोफाला एकाएकी जगच उलटं फिरताना दिसलं. शुद्धीवर आली तेव्हा तिचं बूड मोठ्या ढोलात रुतलेलं होतं आणि ढोलवाला काळजीनं विचारत होता, "काकू, लागलं का हो? ढोलाला?"

दवाखान्यात बोटाला टोचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ पॉइंट एक. बाईच्या अंगात बारा तरी हवं म्हणे.

"दहा," तिची लेक एसिनाम तिथल्या तिथे म्हणाली. "माझ्या लग्नाआधी दहा झालं तर नाच. नाही तर खुर्चीत बसून टाळ्या वाजव. मला आत्या बाहेर आणेल."

आकोफाच्या काळजात सुई गेली ती तेव्हाच, खरी सुई नंतरची. नवरीला नाचत नाचत वरपक्षापुढे आणायचं ते आईनं. आकोफाच्या स्वतःच्या लग्नात तिची आई आजारी होती, म्हणून शेजारीण पुढे झाली, आणि त्या बयेला धड वाकतासुद्धा येत नव्हतं. माझी मुलगी मीच आणणार, हे आकोफानं एसिनाम पाळण्यात असताना ठरवलं होतं. आणि आता आत्या! आत्या म्हणजे फेलिसिटी, आकोफाची थोरली नणंद. ती बातमी कळल्यावर तासाभरात नवे रुमाल घेऊन हजर.

"वहिनी, तू अजिबात काळजी करू नकोस," फेलिसिटी म्हणाली. "मी सराव सुरू केलाय."

"वन्सं, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघते. तू रक्ताचं बघ."

मग आकोफानं रक्ताचा असा पिच्छा पुरवला की विचारू नका. लोहाच्या गोळ्या. अळूची पानं सकाळ-संध्याकाळ. कलेजी. माल्टच्या काळ्या गोड सरबताच्या बाटलीत डब्यातलं दूध ओतून ढवळलेलं पेय, जे प्यायल्यावर आधी ढेकर येतो आणि मग पश्चात्ताप. एक शेजारीण टोमॅटोची पेस्ट घेऊन आली, कारण लाल ते लाल. आकोफानं तीही चमच्यानं खाल्ली.

आणि एवढं सगळं करून ती दिवसाला चार गोळे मातीही खात होती.

हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. बाजारात मिळते ती पांढरी माती, अंड्याएवढे गोळे करून वाळवलेली. आयिलो म्हणतात तिला. पोटुशी बायकांना तिचे डोहाळे लागतात हे ठीक, पण पन्नाशीला टेकलेल्या आकोफालाही गेलं वर्षभर तिच्याशिवाय चैन पडत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माती खाल तर गोळ्यांतलं लोह मातीच गट्ट करेल. आकोफानं मान डोलावली होती. तोंडात गोळा होता म्हणून बोलली नव्हती इतकंच.

शनिवारी लग्न. गुरुवारी सकाळी मायलेकी दवाखान्यात. आकोफाच्या मुठीत नाचाचा रुमाल, त्याच्या गाठीत मातीचा एक गोळा, धीरासाठी. सुईला ती लहानपणापासून भ्यायची. बाळंतपणं तीन केली, पण सुई दिसली की तिला देव, पूर्वज आणि शाळेतले मास्तर सगळे एकदम आठवत.

रक्त काढणारे तामाक्लोसाहेब गंभीर गृहस्थ होते. त्यांनी दंडाला रबरी पट्टी आवळली, शीर शोधली, सापडेना, पुन्हा शोधली.

"मावशी, तुमची शीर लपून बसलीय."

"माझ्यावरच गेलीय ती," आकोफा डोळे मिटून म्हणाली. "तिला म्हणावं तिथेच राहा."

"मूठ घट्ट आवळा. तो रुमाल सोडा की."

"नाचणारी बाई रुमाल सोडत नाही, साहेब."

"मग रुमालासकट आवळा!"

सुई दिसली. आकोफानं मूठ आवळली. असली आवळली, की मुठीतून कुडुक्क असा आवाज झाला, आणि रुमालातून पांढरी भुकटी भुरभुर तामाक्लोसाहेबांच्या काळ्या बुटांवर पडली.

बाकावर पाच बायका बसल्या होत्या, पाचीजणींनी एकदम ओठ पुसले. खाई त्याला खवखवे.

"आई!" एसिनाम कडाडली. "माती? तीन आठवडे मी तुझ्यासाठी कलेजी परततेय, आणि तू माती खातेस?"

"एकच गोळा गं, धीरासाठी..."

"दे इकडे! केराच्या डब्यात टाकते." एसिनामनं रुमाल हिसकावला, जमिनीवरचे तुकडेही वेचले आणि तरातरा दाराकडे गेली.

सुई आत गेली, बाहेर आली, आकोफाला पत्ताच लागला नाही. कारण ती कान देऊन ऐकत होती. डबा पत्र्याचा होता, त्यात काही पडलं तर वाजायला हवं. वाजलं नाही. त्याऐवजी दाराकडून, पाठमोऱ्या एसिनामकडून, एक बारीक आवाज आला. कुडुक्क.

तो आवाज आकोफा झोपेतसुद्धा ओळखेल.

"एसी," ती हळूच म्हणाली. "इकडे वळ बरं."

एसिनाम वळली. डावा गाल फुगलेला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण आकोफाला राग आलाच नाही. जन्मात मातीला शिवली नव्हती ही पोर, वासानंसुद्धा नाक मुरडायची. गेल्या आठवड्यात तळलेल्या मासळीवरून उठून गेली होती. परवा आंबट मागत होती. आकोफाच्या डोक्यात एक एक दिवा लागत गेला, आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत उडालीच.

"किती दिवस?"

एसिनामनं गिळलं. "तीन महिने. लग्नानंतर सांगणार होते. आई, ओरडू नकोस."

आकोफा ओरडली नाही. ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, दंडावरचा कापूस उडाला, आणि तामाक्लोसाहेब नवा कापूस घेऊन तिच्या हातामागे धावू लागले.

"साहेब, हिचंही घ्या! माझ्या नातवाचं रक्त आहे त्यात, जपून काढा!"

अर्ध्या तासानं दोन कागद आले. आई आठ पॉइंट नऊ. लेक आठ पॉइंट चार.

"मी जिंकले," आकोफा म्हणाली.

"दोघी नापास आहात," तामाक्लोसाहेब म्हणाले. "दोघींनी गोळ्या घ्यायच्या, माती बंद, आणि मुलीनं आजच सुईणबाईंना दाखवायचं. शनिवारी चाला हवं तर. गिरक्या नाहीत, उड्या नाहीत, आणि जवळ खुर्ची ठेवा."

दहा काही झालं नाही. आकोफाला क्षणभर फार वाईट वाटलं, ते तिनं लपवलंही नाही. पण एसिनामनं तिचा हात धरला.

"आई, मला तूच आण. चालत आण. आत्याला मी सांगते."

"आत्याला मी सांगते," आकोफा म्हणाली. "तिला काम आहे."

शनिवारी बिगुल वाजला आणि आकोफा नवरीला घेऊन निघाली. वाकली तेवढीच, रुमाल हलले तेवढेच, पाऊल एकेक. मागे फेलिसिटी, डोक्यावर निळी प्लॅस्टिकची खुर्ची, दोन्ही हातांत नवे रुमाल. तिला खुर्ची धरून मागे राहायला सांगितलं होतं. पण तीन आठवडे सराव केलेली बाई ती, ती काय राहते! खुर्चीचा तोल सांभाळत ती जी काय वाकली आणि लचकली, की वरपक्ष उठून उभा राहिला. नवरीकडे कोणी बघेना.

अंगणाच्या मधोमध आकोफाला गरगरलं. "वन्सं!" ती म्हणाली, आणि खुर्ची डोक्यावरून थेट तिच्याखाली. पण त्याच वेळी नवरीही डगमगली. खुर्ची एकच. आकोफानं अर्धी जागा दिली, आणि मायलेकी एका खुर्चीत खांद्याला खांदा लावून बसल्या. पाहुण्यांना वाटलं, या घराची ही रीतच असेल. टाळ्या पडल्या.

आकोफानं रुमालाची गाठ सोडली. आत भाजलेले शेंगदाणे होते. एसिनाम हिरमुसली, पण तिनं खाल्ले.

"आई, तुला अजून गरगरतंय?"

"गरगरू दे," आकोफा म्हणाली. तिनं लेकीचा हात आपल्या मांडीवर घेतला. भोवताली ढोल, बिगुल, फेलिसिटी आणि अख्खं होहोए गोल फिरत होतं. "आज बाकीच्यांनी नाचायचं. आपण तिघं बसून बघू."

मग शेंगदाणे संपले, आणि वरपक्षापर्यंतची उरलेली सात पावलं दोघी सावकाश चालून गेल्या.