रेफरीच्या सूपमधलं मीठ

दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात एक निवृत्त फुटबॉल रेफरी भरती झाला होता. खरं नाव केसपेपरवर होतं, पण नर्सपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला रेफरीच म्हणत. कारण जेवणाचा ट्रे समोर आला, की तो निकाल द्यायचा. उकडलेल्या भाज्यांना पिवळं कार्ड, बिनमिठाच्या सूपला लाल. कार्ड नसायचं हातात, नुसतं बोट वर करायचा. पण असा करायचा, की ट्रे आणणारीला मैदानाबाहेर जावंसं वाटे.

म्हणून बुधवारी दुपारी रुग्णालयाची आहारतज्ज्ञ त्याच्या खाटेशी आली, तेव्हा ती मनाची तयारी करूनच आली होती. तिशीतली, चटपटीत बाई. या नोकरीत येऊन वर्षही झालं नव्हतं आणि रेफरीची तिला जरा धास्तीच होती.

"या या," रेफरी म्हणाला. "सूप कोणी केलंय आज?"

"का हो काका? काय झालं?"

"काय झालं? गोल झाला! सोमवारपासून बघतोय, तुमच्या माणसाच्या हाताला चव आलीय. आज तर वाटी चाटून पुसून साफ केली."

शेजारी त्याची बायको लोकर विणत बसली होती. "खरंच ग," ती म्हणाली. "इतके दिवस जेवणाच्या नावानं शिमगा चालायचा. आता ट्रेची वाट बघतात."

आहारतज्ज्ञ खुलली. हसत हसत जिन्यापर्यंत गेली. अर्ध्या जिन्यात मात्र तिचे पाय थबकले. या माणसाला मधुमेह होता आणि मूत्रपिंडंही थकलेली. त्याच्या सूपला चव आली होती म्हणजे नक्की काय आलं होतं?

ती तशीच स्वयंपाकघराकडे निघाली.

स्वयंपाकघर तळमजल्यावर होतं. मोठी पातेली, स्टीलचे ओटे, भिंतीला चिकटवलेला दिवसाचा तक्ता. तिथला मुख्य आचारी अंगानं आडदांड, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. ती आत शिरली तेव्हा तो कलथा धूत होता.

"पैलवान, रेफरीकाकांच्या सूपमध्ये मीठ घालता का?"

"घालतो की. तक्त्यात काय लिहिलंय?"

तिनं भिंतीवर पाहिलं. रेफरीच्या नावापुढे लिहिलं होतं: बिनसाखर. बस्स, एवढंच. पुढे काही नाही.

"आधी बिनसाखर-बिनमीठ असायचं," पैलवान म्हणाला. "सोमवारी नवा तक्ता आला, त्यात नुसतं बिनसाखर. मला वाटलं, डॉक्टरांनी मिठावरची बंदी उठवली असेल. बरं वाटलं बिचाऱ्यासाठी."

नवा तक्ता तिचाच होता. आधी ती प्रत्येक पेशंटचा आहार हातानं लिहायची. मग तिनं संगणकावर स्प्रेडशीट बनवली. नर्सनी पेशंटच्या नावापुढे आजार भरायचे आणि सूत्रानं आहार ठरवायचा. रविवारी घरी बसून तिनं ते सूत्र लिहिलं होतं, आणि पहिल्याच फटक्यात चाललं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

ती आपल्या खोलीत आली. खोली कसली, कोठारालगतचा कोपरा. एक टेबल, एक खुर्ची, मागे पिठाचे डबे. तिनं शीट उघडली आणि सूत्र मोठ्यानं वाचलं. जर मधुमेह 'हो' असेल, तर 'बिनसाखर'. नाहीतर, जर मूत्रपिंडाचा त्रास 'हो' असेल, तर 'बिनमीठ'. नाहीतर, 'साधं'.

वाचता वाचताच तिला चूक दिसली. सूत्र पहिल्या 'हो'शी थांबत होतं. मधुमेह आहे? हो. मग बिनसाखर, संपलं. मूत्रपिंडांपर्यंत ते जातच नव्हतं. ज्यांना एकच दुखणं होतं त्यांना याचा फटका बसत नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही दुखणी असलेला वॉर्डात सध्या एकच माणूस होता, आणि तो खूश होता.

अळीमिळी गुपचिळी करणं सोपं होतं. सूत्र बदललं असतं, संध्याकाळपासून मीठ बंद झालं असतं, रेफरीनं लाल कार्ड दाखवलं असतं आणि गाडं पहिल्यासारखं सुरू झालं असतं. हा विचार तिच्या मनात आला, आला नाही असं नाही. पण तो बसायच्या आत ती उठली आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई फाइल चाळत होत्या. तिचं बोलणं होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग चष्मा काढला.

"सोमवारपासून?"

"हो, मॅडम. चूक माझ्या सूत्रातली आहे. पैलवाननं तक्त्याप्रमाणेच केलं."

"त्यांच्या पायाला सूज चढलीय. वजनही वाढलंय. मला वाटलं, औषध पुरत नाहीये. आज राउंडला डोस वाढवणार होते मी." त्यांनी पेननं फाइलवर एक ओळ खोडली. "आता नाही वाढवत. मीठ बंद करा, दोन दिवस बघू. आणि त्यांना तू स्वतः सांग."

"रागावतील."

"रागावू देत. त्यांचे पाय आहेत ते."

रेफरीला सांगताना तिनं आडपडदा ठेवला नाही. तो ऐकत राहिला. बोट वर गेलं नाही. बायकोनं मात्र सुया खाली ठेवल्या.

"तरीच काल मोजे निघेनात पायातून," ती म्हणाली. "कातडीवर वळ उठले होते. आणि मी मेली चव आली म्हणून आनंद मानतेय!" तिचा आवाज चढला. "अहो, माणसाच्या जिवाशी खेळ असतो हा! मशिनवर सोडून कसं चालेल?"

"नाही चालणार, काकू. तुमचं बरोबर आहे."

रेफरी खाकरला.

"इतकी वर्षं शिट्टी वाजवली मी. चूक झाली, असं आपण होऊन सांगायला आलेला खेळाडू एकही पाहिला नाही. सगळे आधी आभाळाकडे बघतात, मग माझ्याकडे." मग त्यानं सुस्कारा सोडला. "म्हणजे संध्याकाळी परत ते गरम पाणीच का?"

"परत तेच, काका."

"बघा! खरं बोलल्याचं हे बक्षीस. तेही मला."

काकूंना हसू आवरलं नाही, पण त्यांनी सुया उचलल्या त्या अजून जरा रागातच.

दुपारची भांडी आवरल्यावर पैलवान हात पुसत तिच्या कोपऱ्यात आला. तिनं तोवर सूत्राच्या सुरुवातीला एक अट वाढवली होती: दोन्ही 'हो' असतील, तर 'बिनसाखर-बिनमीठ'.

"झालं दुरुस्त?" त्यानं विचारलं.

"झालंसं वाटतंय. पण रविवारीही असंच वाटलं होतं."

"मग मी घालतो खोडा. एक पेशंट लिहा. मधुमेह, मूत्रपिंड, आणि तोंडात दात नाहीत."

तिनं खोटा पेशंट भरला. शीटनं त्याला 'बिनसाखर-बिनमीठ' दिलं, म्हणजे अख्खी गाजरंही. तिनं दातांची अट घालायला घेतली आणि तिच्या लक्षात आलं, की दुखणं एक वाढलं की जोड्या दुपटीनं वाढतात. मधुमेह आणि दात, मूत्रपिंड आणि दात, तिन्ही मिळून. कंस बंद करता करता नाकी नऊ आले, आणि एक कंस हुकला तेव्हा शीटनं सरळ हात वर केले.

"हे असं नाही जमायचं," ती म्हणाली. तिनं सगळं सूत्र पुसून टाकलं.

मग तिनं प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र रकाना दिला. साखरेचा एक, मिठाचा एक, चावण्याचा एक. प्रत्येक सूत्र फक्त आपल्यापुरतं बघणार, शेजारच्या रकान्यात काय आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेवटी तिन्ही उत्तरं एका ओळीत जोडली. बिनदाताच्या पेशंटपुढे आलं: बिनसाखर, बिनमीठ, मऊ.

"आता माझे सासरे घाला," पैलवान म्हणाला. "सगळंच आहे त्यांना. समाधान तेवढं नाही."

ती खळखळून हसली. सासरे सूत्रातून सुखरूप पार पडले. ते ज्या ओळीत भरले होते, तिच्या खालच्या ओळीवर मात्र पैलवानची नजर गेली.

"ही कोण? हिला साधं जेवण का? परवा नर्स तर म्हणत होती, हिला साखर आहे म्हणून."

मधुमेहाच्या रकान्यात नर्सनी 'हो'ऐवजी 'होय' लिहिलं होतं. माणसाला दोन्ही सारखंच. सूत्राला मात्र 'हो' म्हणजे 'हो'. 'होय' त्याच्या लेखी नकारच. ती आणखी खाली गेली. काही रकाने नुसतेच रिकामे होते, त्या लोकांनाही साधं जेवण. म्हणजे ज्याच्याबद्दल काही ठाऊक नाही, त्याला शीट निरोगी धरून चालत होती.

पैलवाननं शीळ घातली. "हे बेस्ट आहे. माहिती नाही, म्हणजे ठणठणीत!"

तिनं वॉर्डात फोन करून 'होय'वालीचं संध्याकाळचं ताट आधी बदलून घेतलं. मग रकान्यांत निवडायला दोनच शब्द ठेवले, 'हो' आणि 'नाही'. तिसरं काही लिहिताच येणार नाही असं केलं. आणि सूत्राच्या शेवटी, जिथे आतापर्यंत 'साधं' होतं, तिथे अट घातली: स्पष्ट 'नाही' असेल तरच साधं. बाकी काहीही असलं, तर एकच शब्द यावा. विचारा.

कळ दाबली, आणि तक्त्यात जागोजागी 'विचारा' उगवलं.

"अरे देवा," पैलवान म्हणाला. "एवढ्यांना विचारणार कोण?"

"मी."

टेबलावर बसून शेळ्या हाकायचे दिवस संपले, असं तिनं मनाशी म्हटलं आणि त्याच दिवशी फेरीला सुरुवात केली. रेफरीची सूज शुक्रवारपासून उतरू लागली. डॉक्टरीणबाईंनी औषध होतं तेवढंच ठेवलं. पुढच्या आठवड्यात तो घरी गेला. जाताना काकूंनी तिच्याकडून घरच्या जेवणाचा तक्ता लिहून घेतला, प्रत्येक शब्द दोनदा विचारून.

मग बायकांच्या वॉर्डात एक पोहणं शिकवणारी बाई आली. रुंद खांद्यांची, अबोल. शीटमध्ये तिच्या तिन्ही रकान्यांत 'विचारा' होतं. आहारतज्ज्ञ कागद घेऊन तिच्या उशाशी उभी राहिली आणि एकेक प्रश्न विचारत गेली. साखर नाही. मूत्रपिंडांचं काही नाही. दात शाबूत.

"आणखी काही?" आहारतज्ज्ञनं विचारलं.

बाई जरा घुटमळली. "रकान्यात बसेल का ठाऊक नाही. मला एकटीला जेवण जात नाही. घरी आम्ही सात जण असतो."

खरंच, याला रकाना नव्हता. आहारतज्ज्ञनं क्षणभर कागदाकडे पाहिलं आणि स्टूल पुढे ओढलं.

"आज मी माझा डबा इथेच आणते," ती म्हणाली. "उद्यापासून समोरच्या आजींना विचारू. त्याही भिंतीकडे बघत जेवतात."