रुद्राक्कांचा उपास

दुकानाचं दार आतून लावून रुद्रम्मा पोती तोलायच्या काट्यावर चढल्या आणि त्यांची सून शरणम्मा पलीकडे वजनं ठेवू लागली. जळकोटच्या त्या धान्याच्या दुकानात साठीला आलेल्या मालकीणबाईंना तोलायची वेळ पूर्वी कधी आली नव्हती. वजनं संपत आली तरी काटा हलेना, तशी शरणम्मानं पदर तोंडाला लावला.

"हस की गं मोकळी," रुद्रम्मा म्हणाल्या. "ज्वारीचं पोतं काय माज्यापक्षा लई जड न्हाय."

हसण्यावारी नेलं तरी त्यांचा जीव धास्तावलेला होता. न्हाणीतून उठताना कुणाचा तरी हात धरावा लागे. सोलापूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं, वजन उतरवलं नाही तर अंथरूण धराल. खाणं बेतानं करा, दूध-दही मात्र सोडू नका आणि रोज मैलभर चाला. खाटेवर पडून सुनेच्या हातून सगळं करून घ्यायचं, या नुसत्या विचारानंच रुद्रम्मांना घाम फुटायचा.

चालायला त्या एकदा निघाल्याही. साल बहात्तरचं. सडकेच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत बसलेल्या, गालफडं बसलेली. त्यातल्या जाईबाईनं हातोडी थांबवून विचारलं, "आक्का, एकल्याच कुटं निगालात? कुनी गेलं का काय?"

"न्हाय गं, आपलं असंच," म्हणत रुद्रम्मा आल्या पावली परतल्या. पोटात अन्न नसलेल्या बायकांसमोरून चरबी उतरवायला फेऱ्या कुठल्या तोंडानं मारायच्या? मग निदान विहिरीवरून घागर तरी आणते म्हणाल्या, तर नवरा शिवप्पा उसळले. "पानी भरायला गडी हाय घरात. गावात माजी अब्रू काडू नगं."

राहता राहिलं खाणं. एक वेळ अर्धी भाकरी आणि तिखट. सगळी चरबी दुधातच असते, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि घरचं दूध आळीतल्या पोरांना वाटायला लागल्या. डॉक्टरचं निम्मंच ऐकलं, तेही चुकीचं निम्मं.

गावानं याचा आपल्या परीनं अर्थ लावला. रुद्राक्कांनी पावसासाठी उपास धरलाय! बायका ओट्यावर येऊन हात जोडू लागल्या. रुद्रम्मांनी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं, पण समोरच्या जाईबाईच्या कडेवरचं पोर भुकेनं रडत होतं. तिला कसं सांगणार, की मी जाडी कमी करतेय? त्यांनी पोरासाठी आतून दूध मागवलं. शिवप्पांची छाती तर फुगली. त्यांनी मठात जाऊन जाहीरच केलं, पाऊस पडेपर्यंत आमच्या घरात उपास आहे.

पाऊस पडलाच नाही. हंगाम कोरडा गेला, थंडी सरली, ऊन पुन्हा तापायला लागलं. रुद्रम्मांचं वजन मात्र झरझर उतरलं. आधी गुडघ्यांना बरं वाटलं, मग पाठ वाकली, बरगड्या ठणकू लागल्या. शरणम्मा दुधाचा पेला घेऊन मागं लागायची.

"घ्या की आत्याबाई. कोन बगतंय?"

"कुनी बगत न्हाय गं. पर त्या बायका माज्याकडं डोळं लावून बसल्यात. माज्या गळ्याखाली उतरत न्हाय."

आणि एका सकाळी चुलीपुढच्या पाटावर त्या नेहमीसारख्याच बसल्या. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत. आत काहीतरी कडकन वाजलं आणि त्यांना उठताच येईना.

"खुब्याचं हाड गेलं," एक्सरे बघून डॉक्टर म्हणाला. "चालणं नाही, दूध नाही, नुसती उपासमार. चरबीबरोबर हाडंही झिजली. आता उभं राहायची आशा सोडा."

घरी आणलं त्या दिवशी बायका कामावरून तशाच आल्या, अंगाखांद्यावर खडीची धूळ घेऊन. जाईबाईनं खाटेच्या पायथ्याशी बसून रुद्रम्मांच्या पायांवर डोकं टेकलं.

"आक्का, देव परीक्षा बगतोय तुमची. पर आता उपास मोडू नगा. आमच्या पोरांसाटी तरी."

शरणम्मानं हातातला पेला पदराआड नेला. रुद्रम्मांनी शरमून पाय जवळ ओढायचा प्रयत्न केला. पाय हलला नाही. जाईबाई उठली आणि तिच्या जागी दुसरी येऊन वाकली.