टाचणात नसलेली कृती

बुधवारी परिपाठानंतर शेवंता ढोकणे बाईंनी चौथीच्या वर्गाला ‘राउंड अँड राउंड’ शिकवायला घेतलं, आणि साडेअकरापर्यंत मुलं घोट्यापर्यंत जमिनीत गेली.

बाईंची पद्धत साधी होती. इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. ‘जंप’ला उडी, ‘स्लीप’ला बाकावर डोकं. आज त्यांनी एकोणीस मुलांना हापशाभोवती उभं करून गोल गोल फिरायला सांगितलं. मुलं फिरू लागली. पुरे म्हटल्यावर कोणीच थांबलं नाही, मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी नाही. पायांखाली चर पडत गेला. त्या रिंगणात बाईंची केतकीही होती. शाळेत ती आईला बाईच म्हणायची, तसा मायलेकींचा नियमच होता.

मुलं गुडघाभर गेली तेव्हा विस्तार अधिकारी गवांदे साहेब तपासणीला आले. बाईंनी आधी मुलांना बाहेर काढू म्हणून विनवलं. साहेबांनी खुर्ची मागवली, मग रोजच्या पाठाची आखणी असलेली टाचणवही.

“कृती एक, मुलांना गोलात उभे करणे. कृती दोन, गोल गोल फिरवणे.” साहेबांनी पान उलटलं. “थांबवणे कुठे लिहिलंय, बाई?”

कुठेच नव्हतं. बाईंनी गेल्या वर्षीचं टाचण तारीख बदलून उतरवलं होतं, सगळेच उतरवतात, आणि त्यात शेवटची ओळ राहून गेली होती. त्यांनी पेन काढलं. साहेबांनी वही मिटली. पाठ सुरू झाल्यावर टाचणात भर घालता येत नाही, ते म्हणाले. मात्र मुलांना अर्थ आणि उपयोग दोन्ही आले, तर पाठ संपला असं धरता येईल.

“अर्थ?” साहेबांनी विचारलं.

“गोल गोल फिरणे,” मुलं एका सुरात म्हणाली. माती कमरेला लागली होती.

“उपयोग?”

मुलं विचार करत फिरत राहिली. “कशाचा, सर?” एकाने विचारलं.

साहेबांनी शेऱ्यात ‘उपयोग असमाधानकारक’ असं लिहिलं आणि चहाचा कप उचलला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षं त्या असल्या साहेबांपुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वही हिसकावून टराटरा फाडली, साहेबांना खुर्चीसकट ढकललं. साहेब मातीत पडल्यापडल्या फाटकी पानं क्रमाने लावू लागले. मुलं आता छातीपर्यंत गेली होती आणि रिंगण हापशाला घासेल इतकं आवळलं होतं.

बाई चराच्या काठावर पालथ्या पडल्या. केतकी समोर येताच त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. मातीखाली तिचे पाय चालतच होते.

“थांब गं.”

“बाई, थांबायचं अजून शिकवलं नाही तुम्ही.”

“बाई नाही,” शेवंता ओरडली. “आई म्हण. आई म्हण आणि थांब.”

“आई,” केतकी म्हणाली, आणि थांबली.

तिच्या मागचं मूल तिच्यावर येऊन आदळलं, त्याच्यावर त्याच्या मागचं. बाईंनी म्हटलेलं त्यांच्या मागोमाग म्हणायची वर्गाला सवय होती. “आई,” अठरा मुलं एका सुरात म्हणाली, आणि हनुवटीपर्यंत मातीत गेलेल्या सगळ्यांनी दोन्ही हात वर करून शेवंताकडे धरले.