पास-नापासातला पास

“मॅडम, तुमचं हे टूल वेडं आहे का हो?”

प्रश्न शंकाच्या तोंडून बाहेर पडला आणि कॉम्प्युटर लॅबमधला पंखासुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मागच्या बाकावर चिमणीने तोंडात रुमाल कोंबला. पैज तिनेच लावली होती. “हिंमत असेल तर विचार. तोंडावर. आणि ‘वेडं’ हाच शब्द वापरून!”

शंकाला शंका हे नाव उगाच पडलं नव्हतं. वर्गात तिला पावलोपावली शंका यायच्या, पण त्या ती शेजारणीच्या कानात विचारून मोकळी व्हायची. सरांपर्यंत एकही पोचायची नाही. यंदा मात्र काय झालं कोण जाणे! विज्ञानाच्या तासाला तिने एकदा चुकून हात वर केला, आकाश काही कोसळलं नाही, आणि तेव्हापासून तो हात खाली यायचं नावच घेत नव्हता.

लॅबच्या सरांनी डोळे वटारले. इंजिनियर मॅडम मात्र हसल्या. “वेडं नाही गं. भित्रं आहे. का, काय केलं त्याने?”

“तुम्हीच बघा ना!” शंकाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. स्क्रीनवर पिवळ्या त्रिकोणांचं पीक आलं होतं.

त्याचं असं झालं होतं. शाळेच्या कॉम्प्युटर क्लबने निकालाचा प्रोग्राम लिहिला होता. पालकांनी शाळेच्या वेबसाइटवर यायचं, हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख टाकायची आणि घरबसल्या मुलाचे गुण बघायचे. शिवाय प्रोग्रामचं सगळं कोड तिथेच उघडं ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या शाळांनाही ते वापरता येईल, ही लॅबच्या सरांची हौस. मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली, पण अट घालून. याच शाळेत शिकून गेलेल्या इंजिनियर मॅडमनी तपासून ‘ठीक आहे’ म्हटलं तरच प्रोग्राम वेबसाइटवर जाणार. नाहीतर क्लब बंद आणि लॅब टायपिंगच्या वर्गाला. बाईंना क्लब पहिल्यापासूनच खटकत होता. पोरं तिथे पंख्याची हवा खायला जातात, असं त्यांचं ठाम मत होतं.

मॅडमनी दिलेलं टूल प्रोग्राम चालवून बघत नसे. ते नुसतं कोड वाचायचं आणि जिथे गडबड होईलसं वाटेल तिथे इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण काढायचं. क्लबने त्याचं बारसं करून टाकलं होतं: बोंबल्या. आणि बोंबल्याची सगळ्यात जास्त बोंब होती शंकाने लिहिलेल्या भागावर.

“‘पासवर्ड उघडा लिहिला आहे.’ ओळीओळीला हेच!” शंका आता थांबायच्या पलीकडे गेली होती. “अहो, हा पासवर्ड नाहीये. गणित पास, विज्ञान पास, भाषा पास! त्या विषयात पास व्हायला किती गुण लागतात, तो आकडा आहे. प्रत्येक इयत्तेचा वेगळा, प्रत्येक विषयाचा वेगळा. पण ह्याला कुठे ‘पास’ दिसलं की सुरूच, चोर चोर चोर!”

वर्ग खो खो हसला. मॅडमही.

“बरोबर आहे तुझं. त्याला अर्थ कळत नाही, फक्त नाव दिसतं. हे खोटे इशारे आहेत.”

“मग त्याचं ऐकायचं कशाला?”

“ऐकू नकोस. उत्तर दे.” मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. “खोटा इशारा गप्प करता येतो. पण एका वेळी एकच, त्याच ओळीवर, आणि शेजारी कारण लिहून. पूर्ण वाक्यात हं. ‘खोटा आहे’ हे काही कारण नव्हे. मी शनिवारी येते. तेव्हा एक तर बोंबल्या गप्प पाहिजे, नाहीतर तुमच्याकडे उत्तर पाहिजे.”

मॅडमची पाठ वळते न वळते तोच सेनापती उठला. सेनापती म्हणजे क्लबचा प्रमुख, शाळेच्या शेवटच्या वर्षातला, उंच आणि कायम घाईत.

“कशाला एवढा उपद्व्याप? सेटिंगमध्ये एक ओळ टाकतो. पासवर्डचा अख्खा नियमच बंद. बोंबल्याच्या तोंडाला बूच!”

“मॅडम एकेक म्हणाल्यात,” शंका म्हणाली.

“मॅडमना काय कळणार आहे?”

“मला कळेल ना!”

“अगं ए, तुझ्याच भागात आलेत हे सगळे. आम्ही का म्हणून निस्तरायचे?”

“तुला कोण सांगतंय? मीच निस्तरते. तू फक्त त्या सेटिंगला हात लावू नकोस.”

सेनापतीने भुवया उंचावल्या. गेल्या वर्षीची शंका असती तर एव्हाना “बरं बाबा, तू म्हणशील तसं” म्हणून मोकळी झाली असती. “कर, कर. शनिवारी आपला क्लब बुडाला की मग रडू नकोस.”

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर शंकाने लॅबमध्ये ठाण मांडलं. सोबतीला चिमणी. तिला कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पैज आपण लावली म्हणून तिचं मन तिला खात होतं. काही इशारे वेगळे निघाले. ‘हजेरी क्रमांक रिकामा असू शकतो,’ असं एक त्रिकोण म्हणत होता. शंकाने पालकांचं पान उघडून रिकामा क्रमांक पाठवून पाहिला, मग नुसत्या मोकळ्या जागा, मग अक्षरं. पान काही दाद देईना. तेव्हा तिने ओळीशेजारी लिहिलं, ‘रिकामा क्रमांक पहिल्या पानावरच अडवला जातो, इथपर्यंत पोचत नाही. बोंबल्याला ते पान दिसत नाही.’

“त्याची बाजूही घेतेस की!” चिमणी म्हणाली.

“मग काय, एका खोलीत बसून दुसरीतलं कसं दिसणार बिचाऱ्याला?”

बाकी सगळा तो ‘पास’चाच पसारा. पहिल्या काही ओळींना तिने अगदी मन लावून कारणं लिहिली. मग कंटाळा आला. मग तिने एक वाक्य ठरवलं आणि तेच चिकटवत सुटली: ‘हा पासवर्ड नव्हे, पास-नापासातला पास. पास व्हायला लागणारे किमान गुण आहेत.’ चिकटव, पुढे. चिकटव, पुढे. बोटं आपोआप चालायला लागली, डोळे खिडकीबाहेरच्या सायकलींवर.

चिमणीला करमेना. ती बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज काढून शंकाने केलेल्या ओळी वाचायला लागली. “नमस्कार! आठवी, गणित. पास व्हायला लागणारे किमान गुण आहेत पस्तीस. आठवी, भाषा. पास व्हायला लागणारे किमान गुण आहेत चाळीस. कोठार पास. पास व्हायला लागणारे किमान गुण आहेत... निळाघोडा.”

शंकाची बोटं थांबली.

“काय म्हणालीस?”

“निळाघोडा. असंच लिहिलंय. हा कुठला गं विषय? कोठार?”

शंका खुर्चीसकट तिच्याकडे सरकली. ओळ सेनापतीच्या भागातली होती, पण बाकीच्यांच्या ओघात तिनेच तिच्यावर तेच वाक्य डकवलं होतं. आणि आता ते वाक्य तिच्याकडे बघून दात काढत होतं. पास व्हायला लागणारे किमान गुण, निळाघोडा!

“चिमणे,” ती हळूच म्हणाली, “हा पास-नापासातला पास नाही. हा खरा आहे.”

“खरा काय?”

“पासवर्ड! अख्ख्या शाळेचे गुण जिथे साठवलेत ना, त्या कोठाराची किल्ली. हे कोड वेबसाइटवर उघडं ठेवणार होतो आपण. कोणीही वाचायचं, आत शिरायचं आणि हवे तेवढे गुण टाकायचे.”

चिमणीचे डोळे चमकले. “म्हणजे मला गणितात...”

“चिमणे!”

“नाही गं, सहज विचारलं.”

तेवढ्यात सेनापती दारात उगवला. “काय, संपलं का तुमचं निबंधलेखन?” शंकाने ओळीवर बोट ठेवलं. सेनापतीने वाकून वाचलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

“ते... चाचणीपुरतं टाकलं होतं मी. नंतर काढणारच होतो.” त्याने घाईघाईने कीबोर्ड ओढला. “थांब, आत्ता पुसतो. कोणाला कळायचंही नाही.”

“पुसून काय होणार? कोडच्या जुन्या प्रती आहेत ना सगळ्यांकडे. किल्लीची नक्कल बाहेर गेली की कुलूपच बदलावं लागतं. सरांना सांगायला हवं.”

“सरांना? शंका, प्लीज. ते मला क्लबमधून हाकलतील.”

शंकाला तो नियम बंद करायला निघालेला सेनापती आठवला. त्या एका ओळीने हा घोडा कायमचा लपला असता. चार शब्द सुनवायची ही नामी संधी होती, आणि शब्द जिभेवर आलेही होते. पण समोरचं तोंड इतकं उतरलं होतं की ते तिने गिळून टाकले.

“चल, तुझ्याबरोबर येते मी. पण सांगायचं तू.”

सरांनी सेनापतीची यथासांग हजेरी घेतली, पण हाकललं नाही. पासवर्ड त्यांनी तिथल्या तिथे बदलला, आणि नवा कोडमध्ये न लिहिता फक्त शाळेच्या सर्व्हरवर ठेवला.

शनिवारी लॅबमध्ये मुख्याध्यापिका बाई स्वतः हजर. मॅडमनी बोंबल्या चालवला. एकही त्रिकोण नाही! पोरांनी टाळ्या पिटल्या, पण मॅडम काही हसल्या नाहीत.

“एवढा गप्प? अख्खा नियमच बंद केलात की काय?”

सेनापती बुटांकडे बघायला लागला. शंका पुढे झाली. “नाही मॅडम. एकेक उत्तर दिलंय. वाचा ना!”

मॅडम वाचू लागल्या. ‘बोंबल्याला ते पान दिसत नाही,’ इथे त्या थांबल्या. “आणि कोणी नुसत्या मोकळ्या जागा टाकल्या तर?”

“टाकून पाहिल्या. अक्षरंही टाकून पाहिली. चिमणीने तर स्वतःचं नाव टाकून पाहिलं. करून दाखवू?”

“दाखव.”

तिने दाखवलं. पान ढिम्म हललं नाही. मॅडमनी स्वतः कीबोर्ड घेऊन नाना खटपटी केल्या, तरी नाही. तेव्हा कुठे त्या हसल्या. “मान्य. म्हणजे सगळे इशारे खोटेच होते तर.”

“एक खरा होता,” मागून आवाज आला. सेनापतीचा! “माझा होता. शाळेच्या गुणांचा पासवर्ड उघडा राहिला होता. मी नियमच बंद करणार होतो. हिने करू दिला नाही.”

मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “म्हणजे हा प्रोग्राम तसाच वेबसाइटवर गेला असता, तर...”

“तर अख्खी शाळा पहिली आली असती, बाई,” चिमणी बोलून गेली आणि तिने स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

आधी मॅडम हसल्या, मग सर, आणि शेवटी कधी नव्हे त्या बाईसुद्धा. “ठीक आहे ना मग हे?” बाईंनी विचारलं.

“ठीक? आमच्या ऑफिसातली मोठी माणसंसुद्धा कंटाळून नियम बंद करतात. हे उत्तम आहे.”

“बरं. टायपिंगचा वर्ग वाचनालयात भरवू.”

मग जो काही गलका झाला! चिमणी बाकावर चढली, सेनापतीने शंकाच्या पाठीत असा दणका घातला की ती टेबलावरच आदळली, आणि सर “अरे हळू, अरे मॉनिटर!” म्हणत हात पसरून कॉम्प्युटरांपुढे उभे राहिले.

गलका ओसरल्यावर सरांनी शंकाला बाजूला बोलावलं. “पुढच्या वर्षी सेनापती नसणार. प्रोग्राम सांभाळायला कोणीतरी खमकं हवं. क्लबची प्रमुख होशील?”

“घरी विचारून...” शंकाची जीभ सवयीने वळली. पुढचं वर्ष मोठ्या परीक्षेचं. यंदा काय तो क्लब, पुढच्या वर्षी बंद, असं आई-बाबांनी बजावलं होतं, आणि ती मुकाट्याने ‘बरं’ म्हणाली होती. ती थांबली. “घरी सांगून येते, सर.”

घरी बाबा कांदा चिरत होते आणि आई इस्त्री करत होती. दप्तर खांद्यावरून न उतरवताच शंका दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“काय गं, काही झालं का शाळेत?” आईने इस्त्री उभी ठेवली.

“खूप झालं, सगळं सांगते. पण आधी ऐका. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर क्लब मी सोडणार नाही. क्लबची प्रमुख मी होणार आहे. अभ्यास करेन, वेळापत्रक तुम्ही म्हणाल ते लावा, आई. पण क्लब राहणार.”

“अगं, पण आपलं ठरलं होतं ना?” बाबांनी सुरी खाली ठेवली.

“तुमचं ठरलं होतं, बाबा. मी नुसतं ‘बरं’ म्हटलं होतं. आज माझं ठरलंय. आणि मी विचारत नाहीये हं, सांगतेय.”